मला न मानवणारा खेळ

४ ऑगस्ट, सोमवार

फिजिओथेरपीच्या मॅडमनी हुकूम काढलाय: रोज थोडं लिहा, बोटं मोकळी होतील. काय लिहू म्हटलं तर म्हणाल्या, मनात येईल ते. माझ्या मनात सध्या जे येतं ते कुणाला दाखवण्यासारखं नाही, म्हणून ही वही उशीखाली राहील. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलंय.

जूनमध्ये पायांना मुंग्या आल्या. मला वाटलं नवे बूट चावत असतील. दोन-तीन दिवसांत शाळेच्या मैदानावर उभं राहता येईना. धुळ्याहून जळगावच्या दवाखान्यात आणेपर्यंत हात गेले, मग श्वास. जीबीएस म्हणतात याला; अंग आपल्याच नसांवर उलटतं. घशात नळी घालून वाचवलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळं परत येईल, पण सावकाश. हा शब्द आता कुणी ऐकवला तर मी त्याच्यावर पेला फेकेन. फेकता आला तर.

मी धुळ्यात मुलींच्या शाळेत खो-खो शिकवते. सध्या जळगावजवळ असोद्याला आईबापाच्या घरी खाटेवर आहे. चौतिसाव्या वर्षी आई मला वरणभात भरवते आणि तोंड पुसते.

काल धाकटा भाऊ जितू आला. जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एक जुना लॅपटॉप आणि त्यात एक खेळ घालून आणला. म्हणाला, "ताई, याच्यात घाई नाही. आपला डाव आला की खेळायचं, नाहीतर बसून राहायचं. तुला अगदी मानवेल."

लंगड्यांचा खेळ आणलास का, असं विचारलं. तो हळूच माझी उशी सारखी करायला लागला. सगळेच हल्ली माझ्याशी दुधावरची साय उचलावी तसं बोलतात.

६ ऑगस्ट, बुधवार

छताकडे बघून कंटाळले म्हणून उघडला.

चौघांची टोळी एका पडक्या किल्ल्यात उतरते. खाली चौकटी आखल्यात, फरशीसारख्या. चौघांना एकेक हुकूम द्यायचा: तू चाल, तू मार, तू ढाल धर. मग शत्रूंचा डाव. मग परत आपला. मधेमधे इंग्रजीत ही एवढाली पानं वाचायची. परदेशात कुठेतरी दोघांनी मिळून बनवलाय म्हणे. दिसतंयच. माणसं चालतात ती खेळण्यातल्या बाहुल्यांसारखी.

जितूने सांगून ठेवलंय की दोन तासांपेक्षा कमी खेळलं तर परत करता येतो. मी अर्ध्या तासात ठरवलंय. परतच करणार.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. माझ्या बोटांना गाठ मारता आली नाही. आईने मारली. जितू हसत होता आणि डोळे दुसरीकडे वळवत होता. त्याला म्हटलं, रडायचं असेल तर अंगणात जा.

तो गेल्यावर खेळात दुसऱ्याच दालनात माझे चौघे मेले. कोळी होते, कुत्र्याएवढे. माझा डाव आला की मी ताबडतोब हुकूम देत होते आणि ते कोळी आपले जागच्या जागी हलत माझी वाट बघत उभे. असा शत्रू मला चालत नाही. मैदानात समोरची पोरगी वाट बघत नाही. ती डावीकडे झुकते, उजवीकडून सुटते, तेवढ्यात विचार, पाय, हात सगळं एकदम व्हावं लागतं. मी ते वीस वर्षं केलंय. इथे विचार करायला दिवसभर मिळतो आणि तरी मी मरते. का, ते कळत नाही. खेळच सदोष असणार.

शिवाय मेलेला माणूस परत येत नाही. जितू फोनवर म्हणाला, "जुन्या धर्तीचा आहे ताई. मागे जाता येत नाही." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फक्त कोळ्यांना मारण्यापुरती. मग परत करणार.

१३ ऑगस्ट, बुधवार

लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

जळगावच्या दवाखान्यात, नळी असताना, मला पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. पण ऐकू सगळं येत होतं. हे लोकांना कळत नाही. काचेच्या दाराशी आबा आणि जितू उभे होते. आबा माझ्याबद्दल म्हणाले, "आता तरी एका जागी बसीन."

माझा बाप. मी सोळा वर्षांची असताना राज्याच्या संघात निवड झाली तेव्हा तीन दिवस जेवला नाही. धुळ्याला खोली घेतली तेव्हा बोलला नाही. लग्न नको म्हटलं तेव्हा तर विचारूच नका. एकही सामना बघायला आला नाही. आणि मी मरायला टेकले तेव्हा त्याला हे सुचलं.

मी ऐकलं हे त्यांना माहीत नाही. रोज केळीच्या बागेतून येतात, दारात उभे राहतात, विचारतात, "चहा झाला का?" मी हो म्हणते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आबा आज दारातून आत आले. खाटेमागे उभं राहून स्क्रीनकडे बघत होते. कुणी मागे उभं राहिलं की माझं डोकं फिरतं.

"हे बठ्ठे उभेच काहून राहेल आहेत?"

"माझा डाव आहे म्हणून सगळे थांबलेत."

"मंग खेय ना."

"विचार करतेय."

खोटं होतं. उंदराचं, म्हणजे माउसचं, बटण बोटाखाली दाबलं जात नव्हतं. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "तो कोपऱ्यातला धनुष्यवाला पयले मार. बाकीचे त्याच्या भरोशावर आहेत."

तो खरंच आधी मारायला हवा होता. मी मुद्दाम दुसऱ्याला मारलं.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारचं जेवण झालं की आबा आता खुर्ची घेऊन येतात. पोळ्याच्या दिवशीसुद्धा आले. मी बोलावलेलं नाही.

माझ्या चौघांची नावं मी एक, दोन, तीन, चार ठेवली होती. आबांना ते पटेना. "मानसाले नाव नही? ढोराले तरी राहते." मग त्यांनीच ठेवली. कुऱ्हाडवाला हिलाल, म्हणजे केळीचे घड ट्रकमध्ये भरायला येणारा त्यांचा जुना माणूस. धनुष्यवाला जीवराम. जखमा बऱ्या करणारी म्हातारी ताईबाई, म्हणजे त्यांची मोठी बहीण. लहानपणी आबांना तिनेच वाढवलं. चौथी बारकी, चपळ चोरटी. तिला नाव ठेवलं नाही. तिचा डाव आला की म्हणतात, "आता ही आपली पयनारी." म्हणजे पळणारी.

इंग्रजी पानं मी मोठ्याने मराठीत सांगते. घसा दुखतो. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, आवाज सुधारलाय. यांना कशातही सुधारणा दिसते.

परत करायची वेळ केव्हाच टळली, असं जितूने आज सांगितलं. व्यायाम चालू असताना लॅपटॉप उघडा राहतो, म्हणून वेळ मोजला गेला असणार.

३ सप्टेंबर, बुधवार

हेमराजचा फोन. माझ्या जागी शाळेने त्याला तात्पुरतं घेतलंय. "कशी शे ताई?" म्हणाला. मी म्हटलं, अजून मेले नाही, तुमची गैरसोय आहे. बिचाऱ्याने लगेच माफी मागितली. बिचारा कशाला म्हणू.

जिल्ह्याचे सामने नऊ ऑक्टोबरला आहेत. मग त्याने फोन अरिबाला दिला. ती माझ्या संघाची कप्तान, नववीत आहे. हळूच म्हणाली, "मॅडम, सर आम्हाला पळूच देत नाहीत. नुसतं पाटीवर बसवतात. खो मिळेपर्यंत हलायचं नाही, तासभर तेच. तुम्ही केव्हा येणार?"

पाटीत बसायला काय शिकवायचं असतं? आठ जणी बसतात, एक पळते, जिला खो मिळाला ती उठते. मी पोरींना एकच शिकवलं: खो यायच्या आधीच अंगात वीज पाहिजे. त्याने सगळी वीज मारली असणार.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, मग आम्हाला कायमचा विचार करावा लागेल. आवाज अगदी गोड होता.

त्या रागात खेळात तीन दालनं धडाधड पार केली. हिलालचा एक हात गेला. आबा कपाळाला हात लावून बसले होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज वॉकर धरून अंगणापर्यंत गेले. परत येताना आईने मागून कंबर धरली, मी तिच्यावर ओरडले.

दुपारी खेळात पूल लागला. पलीकडे धनुष्यवाले. आबा म्हणाले, अलीकडेच थांब, त्यांना येऊ दे. मी ताईबाईला पुढे काढलं, कारण हिलालला औषध हवं होतं आणि थांबायचा मला वीट आला होता. तीन बाण. ताईबाई पडली. म्हणजे संपलीच.

आबा खुर्चीवरून उठले. "कितीदा सांगतलं तुले. जरा बस. बघ. मंग कर. बसनं तर तुले येतच नही."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी म्हटलं, "बसलेय की. बघा, बसलेय. तुम्हाला हेच हवं होतं ना? दवाखान्यात काचेच्या दाराशी काय बोललात? आता तरी एका जागी बसीन. मी ऐकत होते आबा. मला श्वास घेता येत नव्हता, पण ऐकू येत होतं."

 ते पायात चपला न घालता बाहेर गेले. आई स्वयंपाकघरातून आली, चपला उचलल्या आणि त्यांच्यामागे गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

इतके दिवस आबा आत आले नाहीत. खेळ मीही उघडला नाही. एकटीने कशाला वाचायची ती पानं.

सकाळी ओट्यावर बसले होते. आई पाणी भरत होती. आबा बागेत निघाले होते, फाटकापाशी थांबले, परत आले आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. माझ्याकडे पाठ करून बोलले.

"हो. म्हनलो मी."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाहीतर मला तसं म्हणायचं नव्हतं म्हणतील. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"डाक्टर म्हने, वाचली तरी चालीन का नही, सांगता येत नही. मी म्हनलो, नही चालली तरी चालीन. बसू दे एका जागी. फोटोले हार घालन्यापेक्षा बसेल पोरगी बरी."

"आणि आधी? मी सोळाची होते तेव्हा कोण मरत होतं?"

"तवाबी हेच म्हनत होतो. खोटं कशाले बोलू." मग, "तू सारखी जातच राह्यली. पयनाऱ्या मानसाची पाठच दिसते."

"सामना बघायला आला असतात तर तोंडही दिसलं असतं."

 आईने हंडा इतक्या जोरात ठेवला की पाणी सांडलं. "बोला ना आता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही.

आबा उठले, धोतर झटकलं. "कधी हाये तुह्या पोरींची म्याच?"

मी तारीख सांगितली. मला अजूनही राग आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की गेला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जितूच्या गाडीतून धुळ्याला जाऊन आलो. मी पुढे, आबा मागे, मांडीवर वॉकर. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा आबांनी विचारलं, "म्याचमधे बी डाव राहते का? का बठ्ठे संगच पयतात?" जितूने समजावलं. नऊ मिनिटं एक संघ बसतो आणि पकडतो, मग दुसरा. आबा म्हणाले, "म्हंजे आपल्या किल्ल्यासारखंच." मी म्हटलं, अजिबात नाही.

मैदानावर सगळ्या बाया माझ्याकडे असं बघत होत्या जशी मी वर्गातली आजारी पोरगी. मुख्याध्यापिकाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. हेमराजने आपली खुर्ची आणून दिली आणि स्वतः मातीत बसला. पोरी लांब उभ्या राहून बघत होत्या, जवळ येईनात. वॉकरला भ्यायल्या असतील.

सामना चुरशीचा झाला. आमच्या पोरी पाटीत छान बसत होत्या, हे मान्य करावं लागेल; कुणी उगाच हलत नव्हती. शेवटच्या डावात एक गडी मारायचा राहिला होता. अरिबा पाटीत दुसरी. तिच्याकडे खो येणार हे तिला दिसत होतं, मला दिसत होतं. माझ्याकडून "अरिबा, ऊठ" अशी आरोळी गेली. इतक्या महिन्यांत एवढा आवाज निघाला नव्हता. ती उठली. पाठीवर हात पडायच्या आधी उठली. पंचांनी शिट्टी फुंकली, फाऊल. तेवढ्यात समोरची निसटली आणि वेळ संपली. एका गुणाने हरलो.

मागून आबा म्हणाले, "खो भेटायच्या आधीच उठली ती पोरगी."

"दिसलं मला," मी म्हटलं. हेमराजने तिला ऐनवेळचं धीर धरणं शिकवलं नाही, हे उघड आहे.

पोरी रडत आल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, काही हरकत नाही बाळांनो, तुम्ही प्रयत्न केलात. हेमराजही तसंच काहीतरी पुटपुटला. माझं डोकं सरकलं. म्हटलं, हरकत कशी नाही? हरलो आहोत. अरिबा, तुला खो आणि हाक यातला फरक कळत नाही? पाटीत बसलेल्या माणसाने कुणाचं ऐकायचं? मागच्या हाताचं, का खुर्चीत बसून ओरडणाऱ्या बाईचं? उद्यापासून तासभर नुसतं बसायचं, सर सांगतील तसं. आणि नाक पुस.

अरिबाने नाक पुसलं. मग हसायला लागली, रडता रडताच. बाकीच्याही. सगळ्या एकदम माझ्या खुर्चीभोवती आल्या, कुणी वॉकर ओढून बघायला लागली, कुणी विचारलं, मॅडम, दुखतं का? मी रागावले तर यांना हसू कसलं येतं, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर आबांनी वॉकर परत मांडीवर घेतला. जळगाव आल्यावर म्हणाले, "लई बोलते तू पोरींले."

"हो."

"मी पाहत होतो. तोंड दिसत होतं तुहं."

जितूने गाडीतला पंखा वाढवला. मला धूळ गेली होती डोळ्यात.

२ नोव्हेंबर, रविवार

मुख्याध्यापिकाबाईंना आज सांगून टाकलं की डिसेंबरात येते. आधी काठीने, मग बघू. त्या म्हणाल्या, हेमराज सर असा हट्ट धरून बसलेत की तुम्ही आल्याशिवाय पुढचा संघ निवडणार नाहीत. तो माझ्यावर उपकार करतोय असं त्याला वाटत असेल तर तसं नाही.

खेळाच्या दुकानाने विचारलंय, हा खेळ इतरांना सुचवाल का, अभिप्राय लिहा. जितूला बोलले, तो टाइप करत गेला: ज्यांना लांबलचक इंग्रजी वाचायची हौस आहे, ज्यांना एक दालन ओलांडायला अख्खी दुपार घालवायची आहे, आपल्या चुकीने माणूस मेला तर तो पुढच्या सगळ्या दालनांत नाही हे ज्यांना सोसतं, आणि शेजारी बसून "थांब" म्हणणारा कुणीतरी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी घ्यावा. चपळ माणसाने घेऊ नये. मला मानवला नाही.

जितू म्हणाला, "ताई, तू किती तास खेळलीस ते अभिप्रायाखाली आपोआप छापून येतं. लोक हसतील."

हसू देत. न मानवणारी गोष्टसुद्धा माणूस पुष्कळ दिवस करतो.

११ डिसेंबर, गुरुवार

धुळ्याची खोली. सामान लावून झालं. सकाळी मैदानावर गेले, पोरींना पाटीत बसवलं. दुपारभर पडून होते.

संध्याकाळी आबांचा फोन. लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवून आले. उंदीर चालवायला जितूने शिकवलंय, पण इंग्रजी येत नाही.

"एक बाटली सापडली. तिच्यावर लिहेल आहे. सांग काय ते."

"अक्षरं सांगा."

"उभी काठी, वरतून पोट. मंग गोल. मंग नुसती काठी. मंग साप."

"पुढे?"

"परत गोल. मंग दोन काठ्या, मधे तिरपी."

"विष आहे आबा. ती विषाची बाटली आहे."

पलीकडे आबा खाकरले. मग म्हणाले, "जीवराम पेला."

मला जन्मभर थांब, बघ, मंग कर सांगणारा माणूस. मी विचारलं, वाचल्याशिवाय पाजलीच कशी? म्हणाले, "तू फोन उचलत नव्हती. मी म्हनलो औषध असीन." मग मी इतकी बोलले की शेजारच्या खोलीतली बाई बाहेर येऊन बघून गेली. हिलालच्या झोळीत काय आहे विचारलं, पयनारीला कुठे पाठवा ते सांगितलं, एकेक चौकट मोजून सांगितली. मागून आई म्हणत होती, आधी जेवून घ्या. बोलता बोलता गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती येरझाऱ्या झाल्या कोण जाणे. आता पोटऱ्या ठणकताहेत, आणि काठी सकाळपासून कुठे ठेवली ते आठवत नाही. वैतागच आहे सगळा.

जीवराम वाचला नाही. आबा म्हणाले, रविवारी ये, पुढचं दालन मोठं हाये, एकट्याच्यानं होनार नही. मी म्हटलं, मला पोरींचा सराव आहे, जमणार नाही.

रविवारी सकाळी सातची बस आहे.